किल्ल्यात काकूंचं भजन

“म्हणा की गं, तोंडात गुळणी धरलीय का?” काकू माईक सोडून ओरडल्या, तशी उदगीरच्या किल्ल्यातली निम्मी कबुतरं उठून थेट बिदरला जाऊन बसली.

आमच्या गल्लीतलं बायकांचं भजनी मंडळ किल्ल्यात पहिल्यांदाच गात होतं. आमची रीत अशी की काकूंनी ओळ म्हणायची आणि ती पुरती संपली की आम्ही बाराजणींनी मागून उचलायची. पण त्या दगडी दालनात काकूंचा आवाज भिंतींना धडकून दोनदा-तीनदा परत येई. आम्हाला वाटे, त्यांची ओळ अजून चालूच आहे. म्हणून हातात टाळ धरून आम्ही शहाण्यासारख्या थांबून राहिलो.

काकूंचा जीव समोरच्या रांगेत अडकला होता. लग्नाला तीस वर्षं झाली, पण काका त्यांचं गाणं ऐकायला कधी आले नव्हते. आज मोंढ्यातलं दुकान बंद करून आले होते. मग काकूंनी आमचा नाद सोडला. डोळे मिटून त्या एकट्याच गायल्या आणि भिंती त्यांच्या मागून म्हणत राहिल्या. बुरूजसुद्धा माना डोलवत होते, हे मी शपथेवर सांगते.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधता शोधता काकूंनी हळूच विचारलं, “आवडलं का हो?”

काका म्हणाले, “हाव. पुढच्या खेपेला या बायकांना आणू नको.”