पाच घरचं झबलं

माझी सासू कंजूष आहे, असं मी लग्नानंतर पाच वर्षं माहेरी जाऊन सांगत होते. तेही हळू आवाजात नाही, चांगलं खणखणीत. माझा स्वभावच तसा, मनात आलं की तोंडातून निघतं. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, दुधाची पिशवी रिकामी झाली की ती आतून विसळून ते पाणीसुद्धा चहात ओतायच्या. साबणाची वडी संपत आली की उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवायच्या. त्यामुळं मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि त्यांनी बाळासाठी काही म्हणजे काही विकत आणायचं नाही असं जाहीर केलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

आधीचा मुलगा सातव्या महिन्यातच झाला आणि परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत दोन दिवस राहून गेला. पाणी आधीच फुटलं होतं, यात कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं. त्याच्यासाठी आम्ही चौथ्या महिन्यापासून सगळं आणून ठेवलं होतं. मच्छरदाणीचा पाळणा, ढकलायची गाडी, बदकाच्या आकाराचा टब, सहा झबल्यांचा सेट. ते सगळं यांनी एका दुपारी खताच्या रिकाम्या गोण्यांत भरलं, गोण्यांची तोंडं सुतळीनं शिवली आणि माळ्यावर टाकली. पुढं तीन वर्षं आम्ही कुणी त्या माळ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्या गोण्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मला सगळं नवं हवं होतं. मी परभणीच्या एका खाजगी शाळेत शिकवते. पिंगळीहून रोज जाता-येता ऑटोत बसून मी मोबाइलवर यादी केली आणि एका रविवारी आत्याबाईंना वाचून दाखवली. त्या तूर पाखडत बसल्या होत्या.

"बाळाला अंघोळ घालायचा टब," मी म्हणाले.

"कामून? माजे पाय कुठं गेलेत?" त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरंच होतं म्हणा. आमच्याकडं म्हातारी बाई पाटावर बसून पाय लांब करते आणि पायांवर लेकरू पालथं घालून न्हाऊ घालते, त्याला टब काय करायचा.

"डोकं गोल व्हायची उशी."

"मव्हरी हाय घरात. पिशवी शिवते."

"बाटल्या उकळायचं मशीन."

"पातेलं."

"डायपर."

"तुज्या सासऱ्याचं मऊ धोतर हाय. लंगोट व्हतेत वीस-पंचवीस. खाली मेणकापड टाकू."

"ढकलायची गाडी तरी?"

यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दाराबाहेर बोट दाखवलं. आमच्या गल्लीत नळाच्या पाइपासाठी खोदलेला चर दोन वर्षं तसाच होता. "गाडी कुठून न्हेतीस? लेकरू नालीत पडंल," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण मला भांडायचं होतं.

मी म्हणाले की तुमचा मुलगा कमावतो, मी कमावते, पहिल्यासारखे दिवस नाहीत आता, मग एका जिवासाठी एवढा हात आखडता कशाला घ्यायचा. बोलता बोलता आवाज चढला. आत्याबाईंनी तुरीतला एक खडा निवडून बाजूला टाकला. "पैसं वाचतेत की," एवढंच बोलल्या. पुढच्या चार महिन्यांत मी हा विषय जितक्यांदा काढला तितक्यांदा हेच उत्तर मिळालं. मी एकदा गुपचूप पायमोज्यांचा जोड आणला, पिवळा, माझ्या अंगठ्याएवढा. तो त्यांनी माझ्या पिशवीतून काढून दुकानात परत करायला लावला. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जाऊ दे ना, तिचं ऐक एवढ्या बारीला." हे आईपुढं असेच गुळमुळीत. माझं डोकं आणखीच फिरलं.

आठवा महिना लागला. दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. माझं माहेर जिंतूरकडं आणि दवाखाना तिथून लांब, म्हणून. एक दिवस शाळेतून घरी आले तर खाटेवर एक गाठोडं. सोडून बघते तर लहान बाळाचे वापरलेले कपडे. एक झबलं, धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला ते कळत नव्हतं, एक बंद तुटलेला. एक टोपडं, त्यावर काजळाचा डाग. दोन लंगोट, एक दुपटं, तेही ठिगळाचं.

आत्याबाई खुशीत होत्या. त्या दिवशी सकाळी त्या गावात फिरल्या होत्या, पाच घरी, पदर पसरून. कुठलं काय कुणाच्या घरचं, ते त्यांनी मला बोट ठेवून सांगितलं. एका घरी आई कापूस वेचायला गेली होती. आजी द्यायला तयार होती, पण आत्याबाईंनी घेतलं नाही. तिथंच ओट्यावर बसून राहिल्या, ती बाई उन्हाची घरी आली तेव्हा तिच्या हातून घेतलं. "तिच्याच हातून घ्यायचं असतंय," त्या म्हणाल्या.

मला शरमेनं तोंड कुठं लपवावं ते कळेना. त्या पाचांपैकी दोन घरच्या मुली माझ्याकडं शिकायला येत होत्या. त्यांच्या दारात माझ्या सासूनं हात पसरला, तोही विटक्या झबल्यासाठी. मी त्यांना काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे समजावं की राग फार आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. आत्याबाई शेतात गेल्यावर कपडे धुतले, इस्त्री केली, प्रत्येकाबरोबर साखरेचा पुडा ठेवला आणि पाचही घरी नेऊन परत केले.

पहिल्या घरची बाई दारात उभी होती. माझ्या हातातलं दुपटं पाहून ती चक्क एक पाऊल मागं सरकली. "न्हाई ताई, हे परत घेत नसतेत," ती म्हणाली. मला वाटलं, भिडेखातर म्हणतेय. मी ते साखरेसकट ओट्यावर ठेवलं आणि निघाले. पाचही घरी थोड्याफार फरकानं हेच झालं. शेवटच्या घरी तर बाईनं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेही कळलं नाही. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, आपण घराची इज्जत राखली असं.

संध्याकाळी आत्याबाईंनी खाटेवर पाहिलं, पेटीत पाहिलं, मग मला विचारलं. मी सांगितलं. त्या ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्या उंबऱ्यावर बसल्या. "समदं दिलंस?" त्यांनी विचारलं. "एक बी ठिवलं न्हाईस?"

मग त्या बोलल्या. मला वाटत नाही त्याआधी किंवा नंतर त्या माझ्याशी एवढं सलग कधी बोलल्या असतील. यांच्या आधी त्यांची दोन बाळं गेली होती. हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नीट माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांच्या सासूनं पाच घरून कपडे मागून आणले, ज्यांची लेकरं जगली, खेळती-नांदती आहेत अशा घरून. आणि लेकराच्या अंगात पहिला कपडा घातला तो मागितलेला. घरात आधी नवं काही आणायचं नाही. असं मागून घेतलेल्या लेकराला मरण हात लावत नाही म्हणतात. ते लेकरू म्हणजे आमचे हे.

"मागच्या खेपेला मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी गाडी आणली, पाळणा आणला. म्या म्हणलं, शिकलेली पोरगी हाय, तिला हौस हाय, कशाला आडवं लावू. गप बसले. म्या पाळलं न्हाई. माज्यामुळं गेलं लेकरू."

तीन वर्षं मी समजत होते की ते माझ्यामुळं गेलं. सातव्या महिन्यात मी हट्टानं एसटीनं जिंतूरला गेले होते, आईच्या हातचं डोहाळजेवण पाहिजे म्हणून, आणि रस्ता कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तरी ती एसटी माझ्या डोक्यातून जात नव्हती. एका घरात, एका चुलीवर खाणाऱ्या आम्ही दोघी, एकच गोष्ट आपापल्या उशीखाली घेऊन झोपत होतो. आणि मी त्यांना कंजूष म्हणत होते. मीही त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि एसटीचं सांगितलं. "येडी हाईस का," आत्याबाई म्हणाल्या, "एसटीनं कुणाचं लेकरू जातंय व्हय?" मी म्हणाले, "मग गाडी-पाळण्यानं जातंय का?" आम्ही रडलो. हे दुकान बंद करून घरी आले, आम्हाला तसं बघून दारातूनच घाबरले आणि विचारलं, दवाखान्यात जायचं का.

असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही पुरता नाही. वर्गात मुलांना मी वेगळंच शिकवते. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी आठ महिन्यांचं पोट घेऊन निघाले. आत्याबाई मागून येत होत्या. पहिल्या घरी गेले, पदर दोन्ही हातांनी पुढं धरला. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "चुकले. परत द्या."

त्या बाईनं ओट्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. दुपटं तिथंच होतं, साखरेच्या पुड्यासकट, वर पाटी पालथी घातलेली. "म्या घरात घेतलंच न्हाई ताई," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत आलं न्हाई म्हंजी माघारी आलंच न्हाई. म्हणलं येतेत त्या." असंच दुसऱ्या घरी, असंच तिसऱ्या. पाच घरच्या पाच बायांनी एकमेकींना न विचारता माझे कपडे रात्रभर उंबऱ्याबाहेर सांभाळले होते. शेवटच्या घरी झबलं दोरीवर वाळत घातलेलं मिळालं. बंद तुटला होता तिथं तिनं नवा बंद शिवला होता. साखर मात्र सगळ्यांनी ठेवून घेतली, ते बरं झालं.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, तीन किलोला थोडी कमी, आणि आवाज माझ्यासारखा. दवाखान्यातून दिलेल्या कापडातून काढून आत्याबाईंनी तिला ते रंग उडालेलं झबलं घातलं, आणि नवा बंद मला बांधायला लावला. मग पुढचं सगळं त्यांच्या यादीप्रमाणं झालं. लुगड्याची झोळी छताच्या लोखंडी पाइपाला बांधली, त्यात ती दोन दोन तास झोपायची. मोहरीची उशी झाली. सासऱ्यांच्या धोतराचे लंगोट झाले आणि सासरे नव्या धोतरासाठी कुरकुर करत राहिले. बारशानंतर आत्याबाईच म्हणाल्या, "काढा आता ते खाली." यांनी गोण्यांची सुतळी कापली. त्या बदकाच्या टबात आता कोथिंबीर लावली आहे. ढकलायची गाडी गिरणीवरून दळण आणायला लय कामाची निघाली, फक्त तो चर ओलांडताना उचलावी लागते.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी दारात एक बाई उभी राहिली, गावाच्या पलीकडच्या टोकाची, तोंडओळखीची. तिची लेक बाळंतपणाला आली होती. लेकीचं मागचं लेकरू गेलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बाई आत येईना. म्हणाली, "तुमच्या लेकराचं एखांदं कापड द्या."

मी मूर्ख, कपाटातून नवा फ्रॉक काढला, दुकानातल्या कागदासकट. तिनं मान हलवली. "नवं नगं ताई. आंगावर घातलेलं द्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं ती कशाला आली आहे. मी पेटी उघडली आणि ते झबलं आत्याबाईंच्या हातात दिलं, कारण या कामात मोठ्या त्या. त्यांनी ते घेतलं, तोंडावरून फिरवलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"तूच दे," आत्याबाई म्हणाल्या. "जिचं लेकरू जगलं, तिच्याच हातून घेतेत."

बाईनं पदर पुढं केला. मी झबलं त्यात ठेवलं आणि दोन्ही बंद सरळ केले.

"परत आणायचं नाही बरं," मी म्हणाले.