तोफखाना हवा म्हणणारी

इस्रायलमधल्या येरुहाम गावात ती पोरगी आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. बोलायची थोडं आणि भराभर. आम्ही मराठी ज्यू, पण मराठीत विचारलं तरी तिचं उत्तर हिब्रूत. सैन्यासाठी अंग तयार करायला पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन रोज जिना पळत चढायची.

शाळा संपत आली. तिथे मुलींनाही सैन्यात जाणं भागच होतं. आईचं म्हणणं, जवळच्या बेरशेबा शहरात सैन्याच्या कचेरीतलं काम माग, रोज घरी जेवायला येशील. पोरीला हवा होता तोफखाना. मुलींना तो नुकताच खुला झाला होता.

"ताई, तुमी तरी सांगा हिला," आईने मला खाली बोलावलं.

मी तोंड उघडायच्या आत पोरगी आईसमोर जमिनीवर बसली आणि अडखळत मराठीत बोलू लागली.

"आई, भीती मला पण वाटते. पण कचेरीत मी चहाच करणार. मला तोफ शिकायची."

"आणि तुला काय झालं म्हंजे?"

"तरी मीच निवडलेलं."

आईने परातीत पीठ काढलं. मग म्हणाली, "शब्बाथच्या सुट्टीला तरी घरी सोडतील ना?"

"दर शब्बाथला नाय."

हो म्हणून आईचं समाधान करणं सोपं होतं. पोरीने ते केलं नाही. आईने मान हलवली आणि पीठ मळायला घेतलं.