उजवा कोपरा

आमचे हे पंधरा वर्षं कबड्डी खेळले. उजवा कोपरा त्यांचा. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला वाकून झेप घ्यायचे आणि त्याचा गुडघा कितीदा तरी यांच्या कपाळावर बसायचा. आमच्या लग्नाच्या वर्षी गिरडच्या सामन्यात असेच आडवे झाले. हाका मारल्या तरी ओ देईनात. कोणी तरी तोंडावर पाणी मारलं, तसे उठले आणि पुन्हा खेळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पन्नाशीच्या आतच बीपी जडलं. पिपरी मेघेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक बिजागरी मागायचं, हे आत जाऊन रिकाम्या हातानं परत यायचे आणि मलाच विचारायचे, "काय मांगतलं त्यानं?" मागच्या वर्षी जिना चढताना छाती आवळून आली. सेवाग्रामला नेलं. हृदयाची एक नस तुंबली होती, स्टेंट टाकला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?"

"नाई," हे म्हणाले.

"काऊन नाई म्हणता? गिरडले बेशुद्ध पडले होते ना!"

"मले तं काईच आठवत नाई."

खरंच आठवत नव्हतं. बाई म्हणाल्या, "असा मार वारंवार बसलेल्या खेळाडूंना पुढे बीपीचा, हृदयाचा त्रास जास्त होऊ शकतो. यांचं त्यामुळेच झालं असं सांगता येणार नाही. पण आधीपासून तपासत राहायला हवं होतं."

तेव्हापासून गोळ्या, अळणी भाजी, दवाखान्याच्या चकरा, दुकान, सगळं माझ्याच अंगावर आहे.

यंदाच्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या सामन्याला यांना पंच म्हणून बोलावलं. पर्समध्ये गोळ्या टाकून मीही गेले. उत्तरार्धात यजमान संघाच्या कॅप्टनचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं. तो उठला, पण झोकांड्या खात होता.

"बस खाली. तू आता खेळत नाई," हे त्याला म्हणाले.

"मले काई झालं नाई, काका."

"कोणासंग खेळून राह्यला, सांग?"

त्याला सांगता येईना. यांनी त्याला बाहेर काढलं आणि जीपनं दवाखान्यात पाठवायला लावलं. दोन दिवसांनी तो बरा होऊन घरी आला, हे आम्हाला मागाहून कळलं. पण त्या दिवशी त्याचा संघ हरला. लोकांनी यांना नाही नाही ते ऐकवलं. निघताना कोणी चहाही विचारला नाही.

बसमध्ये यांनी विचारलं, "मी बराबर केलं ना?"

"हो."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिडकीला डोकं टेकवलं होतं. ऐकू आलं, पण बोलायचं त्राण उरलं नव्हतं.