चिठ्ठीवरची सही

माझी धाकटी नणंद स्वमग्न आहे. हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला, तिने तिशी ओलांडल्यावर. तोवर तिच्यासाठी आमच्याकडे एकच शब्द होता, आणि तो मीच दिलेला: शहाणी.

बाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर. मी फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले कागद, पुस्तकाच्या क्रमाने रचते. ती तपासते. नऊ वर्षांत तिच्या हातून एक पान उलटं गेलेलं नाही. पण बोलण्यातली खोच तिला कळत नाही. कामाला लागली त्याच वर्षी मालक वैतागून "जा, घरी बस!" म्हणाले, तर ही चार दिवस खरंच घरी बसली. पाचव्या दिवशी मालक स्वतः बोलवायला आले.

"अगं बाई, रागानं बोललो गं!"

"मग रागावलोय असं म्हणायचं ना," ही म्हणाली.

ती परत आल्यावर मी टेबलापाशी म्हटलं, "आल्या आमच्या शहाण्या!" सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. तीही हसली. तेव्हापासून तपासलेल्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर, सहीच्या जागी, ती ठळक सुंदर अक्षरात "शहाणी" लिहू लागली. मी तिला थांबवलं नाही.

यंदा वाचा-उपचाराच्या बाईंनी तिच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. समोरच्याचं बोलणं ऐकून ते त्याचा सरळ अर्थ लिहून दाखवतं. मालक "बघू" म्हणाले की पडद्यावर उमटायचं, "बहुधा नकार." ती खूश. "वहिनी, लोक किती आडून बोलतात गं!" पहिल्यांदाच ती रडवेली न होता घरी यायला लागली.

मग एका सकाळी तिला पाच मिनिटं उशीर झाला आणि माझी जीभ सवयीनं वळवळली. "या, शहाण्या बाई, या!"

फोन चालूच होता. तिने मोठ्याने, सपाट आवाजात वाचलं, "बोलणारी तुमची थट्टा करत आहे. शहाणी म्हणजे इथे मूर्ख."

बायांचे हात थांबले.

"वहिनी, फोन चुकला का?"

"हो गं," मी म्हणाले. "यंत्रच ते. चुकलं."

पान चुकलेला गठ्ठा ती जसा बाजूला काढते, तसा तिने फोन बंद करून खणात टाकला. "चुकतं ते कामाचं नाही."

आठवडा गेला. उपचाराच्या बाईंकडे जायला तिने अर्धी सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "बघू." ही पिशवी खांद्याला लावून त्यांच्या दाराशी तासभर उभी. मी टेबलाकडे चल म्हटलं तर म्हणाली, "बघू म्हणालेत. फोन याला नकार म्हणायचा, पण तो चुकतो. अजून बघितलं नाही." मागे बाया हसत होत्या. मला तोंड वर करवेना.

घरी देवापुढे हात जोडले, पण माफी देवाची नाही, तिची मागायची होती.

दुसऱ्या दिवशी मी खणातून फोन काढून तिच्यापुढे ठेवला. "हा चुकला नव्हता. मी खोटं बोलले. नऊ वर्षं मी तुझी थट्टाच करत होते. माझं चुकलं."

तिने फोन चालू केला. "परत बोल. यात बोल."

मी सगळ्यांदेखत परत बोलले. फोनला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा बोलावं लागलं. तिने वाचलं, "बोलणारी चूक कबूल करत आहे. आडून काही नाही."

"बरं," म्हणाली, आणि फर्मे पुढे ओढले.

संध्याकाळी गठ्ठे बांधायला घेतले तर चिठ्ठ्यांवर सहीची जागा कोरी.

"अगं, सही राहिली," मी म्हटलं.

"माझं नाव उद्यापासून लिहीन," ती म्हणाली. "आज हात शहाणीच लिहायला जातोय."