मास्तरांची दिवसभराची शाळा

दिनकरराव मास्तर माझे शेजारी. मधे नुसता कुडाचा आडोसा, त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. नाही आलं तर मी कान लावायचो. निजामाच्या राजवटीतली आमची पालमकडची शाळा मास्तरांच्या ओसरीतच भरायची.

एकदा खबर आली, तपासणीचे साहेब येणार. पोरांना वाचता आलं नाही तर शाळा उठून ताडकळसला जाणार, मास्तरांसकट. मास्तरांची बायको मनकर्णाबाई गावचीच लेक. तिनं सुनावलं, "तुमी जा खुशाल. मी न्हाई यायची."

घाबरून मास्तरांनी शाळा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ताणली. म्हणाले, "जितका वेळ बसतील, तितकी अक्कल येईल."

"मग तुमच्या ओसरीच्या खांबाला लय असंल की! तो कवाच उठत न्हाई," मी म्हणालो.

आया मात्र खूश. चतुराबाईनं तर अंगावरचं पोरही मोठीच्या कडेवर देऊन शाळेत धाडलं.

दिवसभर मास्तर ओसरीतून ओरडून सांगायचे, पोरं डोळे मिटून म्हणायची. मधेच मास्तरांचा संसारही चालायचा.

साहेब आले. पोरांनी पुस्तकं उघडली, दोघातिघांनी उलटी, आणि एका सुरात गर्जली: "नदीच्या काठी गाव आहे. मनकर्णे, चुना संपला! गावात विहीर आहे. अगं म्हैस सुटली, धर तिला! विहिरीला पाणी आहे."

साहेबांनी पुस्तक चाळलं. "मास्तर, ये म्हैस कौनसे सबक में है?"

आत मनकर्णाबाई पदर तोंडात कोंबून हसायलीय, आणि मास्तर घामानं चिंब.

साहेब भले निघाले. ज्वारी निघेपर्यंत मुदत दिली, पण अट घातली: शाळा दुपारीच सोडायची आणि एकेका पोराला अक्षरावर बोट ठेवून वाचायला लावायचं. ते ऐकून चतुराबाई पुढं आली. "साहेब, वाचू द्या न्हाईतर न वाचू द्या, पर पोरं तेवढी दिवसभर कोंडा!"

साहेब ऐकेनात. ज्वारी खळ्यात आली तेव्हा पुन्हा आले. पोरांनी अडखळत, पण पुस्तकातलंच वाचलं. शाळा राहिली, मास्तर राहिले, मनकर्णाबाईनं साहेबांना शिरा खाऊ घातला.

मास्तर अजून पारावर बसून सांगतात, "दुपारपर्यंतच्या शाळेनं काय होतंय? आधी दिवसभर घोटून घेतलं होतं ना, ते आता वर आलं!"