गव्हाच्या कोठीतली फिल्म

माझी थोरली बहीण सहाव्या वर्षी तापाने गेली. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यामुळे माझ्याजवळ तिचा आवाज नाही, स्पर्श नाही. घरात तिचा फोटोही नव्हता. फोटो समोर दिसत राहिले तर आईचे रडणे थांबायचे नाही, म्हणून वडीलधाऱ्यांनी ते सगळे कौंडण्यपूरला नेऊन वर्धा नदीच्या पाण्यात सोडले. निगेटिव्हकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. त्या काळपट पट्ट्यांत कुणालाच चेहरा दिसत नव्हता, आणि चेहरा नसलेले पाण्यात काय सोडायचे? आईने त्या उचलल्या. गव्हाला कीड लागू नये म्हणून घालतात तसा कडुनिंबाचा पाला त्यांच्यामध्ये घातला आणि ते पुडके कोठीच्या तळाशी दडवले. फोटो पुन्हा काढून घ्यायचे तर घरात विचारावे लागले असते. पुढे विचारण्यासारखे कुणी उरले नाही, तोवर फिल्म धुणारे स्टुडिओही उरले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी अकोल्याला गेले तेव्हा आईने ते पुडके माझ्या ओंजळीत ठेवले. तिच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध आता अंधाराचा डाग आहे. जग तिला कडेकडेने दिसते.

“सगळं आठवते मले,” ती म्हणाली. “तिचा चेहराच आठवत नाही. डोये जायच्या आधी एकदा दाखव.”

अमरावतीला परतल्यावर पुडके उघडले. जुन्या गव्हाचा कोंदट, गोडसर वास आणि त्यामागून कडुनिंबाचा कडवटपणा. पानांचा बोटांत चुरा झाला. एक पट्टी खिडकीशी धरली. माजघरात रचलेल्या कापसाच्या ढिगावर एक मुलगी बसली होती. कापूस कोळशासारखा काळा, तिचे केस शुभ्र. माझी बहीण मला पहिल्यांदा दिसली ती अशी, म्हातारी होऊन.

निगेटिव्हवरून फोटो करायला स्कॅनर घ्यायचा होता. दुकानदाराने आधी एक आटोपशीर यंत्र पुढे केले. ते पट्टी आत ओढून घेते, धूळ आणि ओरखडे ओळखून आपोआप पुसते, असे त्याने कौतुकाने सांगितले. शेजारी झाकणात दिवा असलेला मोठा सपाट स्कॅनर होता. त्यात पट्टी चौकटीत ठेवायची, आणि तो सावकाश वाचतो. मी त्याच्याकडे पाहते आहे हे बघून दुकानदार हसला. “ताई, त्याच्यात अर्धा दिवस जाईन तुमचा. येवढी सवड हाय काय?”

मी नुसत्या ढिगाची, बहीण नसलेली एक पट्टी लहान यंत्रात घालून पाहायला सांगितली. वाकलेली पट्टी आत जाताना बारीक करकरली; बहिणीची पट्टी यात घालायची नाही, हे मी तेव्हाच ठरवले. पडद्यावर कापूस आला तो ओल्या पिठासारखा लिबलिबीत. दुकानदाराने धूळ पुसण्याची सोय बंद केली, तसे पुंजका न् पुंजका मोकळा झाला. कृष्णधवल फिल्ममधली, चित्र घडवणारी चांदी त्या यंत्राला धूळच वाटते, असे तो ओशाळून म्हणाला. जिच्यात माझी बहीण उरली होती, ती चांदी. मी सपाट स्कॅनर घेतला.

पट्ट्या कोरड्या ब्रशने झटकल्या, गुळगुळीत कागदात घालून जाड शब्दकोशांखाली सरळ होऊ दिल्या. मग एका दुपारी झाकणातला दिवा संथपणे सरकू लागला आणि पडद्यावर कापूस पांढरा झाला, केस काळे झाले. बहिणीच्या कपाळावर टिकली होती, फ्रॉकची एक बाही घसरलेली. डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत मात्र एक पान होते. कोठीतल्या कित्येक पावसाळ्यांची ओल खाऊन पाला फिल्मला चिकटला होता. पान गळाले, त्याचा ठसा राहिला. दातेरी कडा, मधली शीर, सगळे स्पष्ट. दुसऱ्या कुठल्याच पट्टीत ओलीने तिचा चेहरा शिल्लक ठेवला नव्हता.

लॅपटॉप घेऊन अकोल्याला गेले. आईने मान वळवली, जणू खिडकीबाहेर पाहते आहे. तसे केले की तिला थोडे दिसते.

“हेच काय ते?”

मी हो म्हटले. तिने पडद्यावर बोट फिरवले. चेहऱ्यावर ते थांबले नाही; पानाच्या कडेशी आले आणि थबकले.

“हा पाला मी ठेवला होता,” ती म्हणाली.

कीड लागू नये म्हणूनच ना, मी म्हटले. मग मी सांगितले की हे पान पुसता येते, पण त्याच्याखाली काही उरलेले नाही; तिथला गाल आणि डोळा यंत्र आपल्या मनाने भरेल, आणि दिसायला तो खराच वाटेल. आईने बोट उचलून पदरात घेतले.

“नको,” ती म्हणाली. “जेवढी हाय तेवढीच राहू दे.”

चेहरा आठवला का, हे मी विचारले नाही. ती अजून खिडकीकडे तोंड करून पडद्याकडे पाहत होती.