न दाबता उमटलेलं अक्षर

शाळेत नोकरीला लागल्यापासून मी शाईची पेनं जमवत आले. लोणावळ्याच्या दमट हवेत ती सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्यात डब्याच्या आतल्या मखमलीला बुरशी येते, निबांवर गंज धरतो. तरी रविवारी सगळी धुवायची, पुसायची, हा माझा नेम होता. शाळेतली हजेरी, गुण सगळं मोबाइलवर गेलं, तसं पेनांना काम उरलं नाही. ह्यांना गंमत वाटायची. "अगं, लिहिणार काय एवढ्या पेनांनी?"

मागच्या वर्षी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आंबीच्या कारखान्यातली नोकरी सुटली, बोलणं जवळजवळ थांबलं. माझा रविवारही गेला. शाळा, औषधं, स्वयंपाक, कपडे. पेनं डब्यातच वाळली.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रोज थोडं लिहायला सांगितलं होतं. पण बॉलपेन दाबावं लागतं आणि ह्यांच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. कागदावर नुसते ओरखडे उठायचे. एका संध्याकाळी मी घरी आले, तर ह्यांना सांभाळणाऱ्या वडिवळ्याच्या मावशी दारातच म्हणाल्या, "ताई, सायेब लय चिडल्यात. पेन फेकून दिलं. आता लिव्हायचं न्हाई म्हनून मान हलवत्यात."

समजूत घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. खांद्यावरची पर्सही न काढता मी डबा उघडला, एक जाड निबाचं पेन कोमट पाण्यात धुतलं, शाई भरली आणि ह्यांच्या बोटांत दिलं.

"दाबू नका. नुसतं टेकवा."

निब टेकलं आणि शाई आपसूक उतरली. बराच वेळ हात थरथरत राहिला. मग वाकडंतिकडं उमटलं: बस.

"पुरे झालं?" मी विचारलं.

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि डाव्या हाताने पलंगावर शेजारची जागा थोपटली.

मी बसले. कितीतरी दिवसांनी, काही हातात न घेता.

त्यानंतर हे रोज लिहितात. फार नाही, चारपाच शब्द. हात त्यापुढे सुधारलेला नाही आणि सुधारेल असं आता कोणी म्हणतही नाही. बाकीची पेनं धुवायची राहिलीच आहेत. पलंगपोसावर निळे डाग पडतात. सुरुवातीला मी ते लिंबू लावून घासायचे. आता तशीच घडी घालते.